बसायचं कुठं?

रंगनाथ वकिलांच्या पुढ्यात कोणताही कागद ठेवा, ते तो शेवटून वाचायला घेत. खरेदीखत असो की भाडेकरार, आधी शेवटचं पान, मग त्याच्या अलीकडचं, असं करत करत ते पहिल्या पानावर यायचे. लग्नाची पत्रिकासुद्धा खालून वर वाचत. नव्या पक्षकाराला वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. तो माझ्याकडे बघायचा आणि मी खिडकीबाहेर. मग चष्मा कपाळावर चढवून वकीलसाहेब विचारायचे, "बाकी समदं बराबर हाय. पण भांडण झालं तर बसायचं कुठं?"

भांडण होणार, हे ते धरूनच चालायचे. वाटणीचा कागद करायला आलेले दोघं भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसलेले असले तरी त्यांना हा प्रश्न चुकायचा नाही. "आमच्यात कशाचं भांडण, वकीलसाहेब?" असं थोरला म्हणाला की हे म्हणत, "आज न्हाई. म्हणून तर आज इचारून राह्यलो."

ते जाऊन आता बरेच दिवस झाले. जालन्याच्या बार रूममध्ये त्यांची नक्कल अजून होते. चष्मा कपाळावर, मान तिरकी, 'बसायचं कुठं?', आणि मग हशा. मला त्या हशाचा राग येतो. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना तो प्रश्न आला कुठून हे माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते जास्त मोठ्यानं हसतात.

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा त्यांचं ऑफिस मोंढ्याजवळ, मोटारपंपाच्या दुकानावर होतं. जिना अरुंद. खाली पंप तपासायला चालू केला की वर टेबल थरथरायचं आणि साहेब सहीसाठी उचललेलं पेन तसंच हवेत धरून थांबायचे. काळा कोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचा, तो कोर्टाच्या दारात चढवायचा आणि दारातच उतरवायचा. मला ते 'सुनंदाबाई' म्हणत. चिडले की 'मॅडम'.

चहाचं त्यांचं एक खूळ होतं. त्यांच्या वडिलांना घनसावंगीच्या बाजूला गावोगाव पंच म्हणून बोलवायचे. निवाडा होईपर्यंत पंचानं कोणत्याही बाजूच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही तिकडची रीत. साहेबांनी ती वकिलीत आणली. प्रकरण चालू असेपर्यंत ते पक्षकाराच्या घरी चहाच्या कपाला हात लावत नसत. वकील काही पंच नसतो, तो एका बाजूचाच असतो, हे मी त्यांना एकदा सुनावलं. "मला शिकवून राह्यली का, मॅडम?" म्हणाले आणि विषय संपला. निकाल लागला की मात्र आपण होऊन जायचे. जिंकलेल्याकडे जायचे, तसेच हरलेल्याकडेही जायचे आणि ओसरीत बसून म्हणायचे, "आता चहा ठेवा." हरलेल्या माणसाच्या घरी चहा मागून प्यायला छाती लागते. फी परत मागतील या भीतीनं आम्ही बाकीचे वकील तर निकालानंतर त्या गल्लीतूनही जात नाही.

सखाहरी नाना त्यांचे बालमित्र. दोघं एकाच गावचे, एकाच शाळेतले. एक वकिलीला जालन्याला आला आणि दुसरा गोदावरीकाठच्या आपल्या रानात संकरित भेंडीचं बी तयार करायला लागला. या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी अंगठ्याच्या नखानं सोलायची, तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, आणि सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग तिच्यावर फिरवायचा. हे सगळं बायका करतात. एखादी कळी सोलायची राहिली तर तिचं बी संकरित होत नाही, आणि तेवढ्यानं सगळ्या पोत्याला भेसळीचं नाव लागतं. नानांकडे या बायकांची पुढारीण होती गयाबाई. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं जाड झालं होतं. नानांचं बी म्हणजे शंभर नंबरी, हे जालन्याच्या बाजारात कुणालाही विचारा, तो सांगायचा. नानांनी आयुष्यात मिळवलं ते एवढंच, आणि त्यांना ते पुरेसं होतं.

मग परदेशातल्या एका कंपनीला नानांचं बी हवं झालं. तिची माणसं थेट रानात आली. करार वाचायला नानांनी मित्राला बोलावलं. हे मी लागण्याच्या आधीचं, मला साहेबांनीच सांगितलेलं. तेव्हा ते कागद सगळ्या जगासारखे पहिल्या पानापासून वाचत. शेवटच्या पानापर्यंत आले तोवर आंब्याखाली पानं वाढून झाली होती. भाकरी, भरीत, ठेचा. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी, आणि नाना खूश. शेवटच्या पानावर एक जागा कोरी होती: वाद झाल्यास लवादाची बैठक कोणत्या शहरात? पाहुण्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "पाहुणे म्हणतील ते लिहा."

नुसता पाहुणचार नव्हता तो. त्यामागे त्यांचा हिशेब होता, आणि तो त्या भागातल्या कुणाही माणसाला पटला असता. तिकडची दुसरी रीत अशी की गाऱ्हाणं ज्याचं, त्यानं उठून समोरच्याच्या गावात यायचं आणि तिथं बैठक बसवायची. आपलं गाऱ्हाणं असेल तर आपण त्यांच्या गावाला जाणार, तेव्हा त्यांच्या गावाचं नाव लिहिणं बरोबरच आहे. आणि त्यांचं गाऱ्हाणं असेल तर ते इकडं येतील, ते काय लिहायला लागतं? असं वाटून त्यांनी ते परकं शहर तिथं लिहू दिलं आणि जेवायला बसले.

दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्याला कंपनीनं कळवलं की बियात भेसळ आहे आणि लवाद नेमला आहे, आपल्या शहरात हजर व्हा. याला साहेबांनी दिलेलं उत्तर मी स्वतः टाइप केलं. मी नुकतीच लागले होते. तक्रार आपली आहे, तरी आपण व पंचांनी घनसावंगीस यावं, राहण्याजेवणाची सोय आम्ही करू, भेंडी उभी आहे ती डोळ्यांनी पाहावी. इंग्रजी निर्दोष होतं. पलीकडून दोन ओळींचं उत्तर आलं, की ठिकाण करारानं ठरलं आहे. ते वाचून साहेबांनी पहिल्यांदा करार उलटा धरला आणि शेवटचं पान पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा मला आठवतो. शहाण्या माणसाला आपण काय करून बसलो हे कळतं तेव्हा तो ओरडत नाही, नुसता बारीक होतो.

गयाबाईकडे पासपोर्ट नव्हता आणि काढायला वेळ नव्हता. तिचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर लिहून पाठवलं. पंचांनी लिहिलं की साक्षीदार उलटतपासणीला हजर नाही, सबब तिचं म्हणणं विचारात घेता येत नाही. कायद्यानं ते चूक नव्हतं, हेच वाईट. निवाडा विरुद्ध गेला. बियात भेसळ, असं तीन पंचांच्या सहीनिशी कागदावर आलं आणि तो कागद आमच्याआधी जालन्याच्या बाजारात पोचला.

नानांनी एक केलं. त्याच खेपेतलं राखून ठेवलेलं बी त्यांनी आपल्या रानात पेरलं, आणि भेंडी फुलावर आल्यावर साहेबांना घेऊन या म्हणून निरोप धाडला. मीही गेले. झाडं छातीला लागत होती. नाना आम्हाला ओळीओळीतून फिरवत होते. पान सारखं, देठ सारखा, फळाची धार सारखी. बियात भेसळ असती तर मधेमधे वेगळी झाडं दिसली असती.

"हुडक," ते साहेबांना म्हणाले. "एक येगळं झाड हुडकून दाव. मी आत्ता धंदा सोडतो."

साहेब खरंच शोधत होते. उन्हात वाकून एकेका झाडाचं पान उलटून बघत होते. एकही निघालं नाही.

"मंग हे रान आता तिकडं कसं न्यायचं, रंगा?" नाना म्हणाले.

नाना त्याच थंडीत गेले. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. गावात लोक म्हणत होते, बियाला लागलेल्या बोलानं माणूस खचला, आणि मला गावाचं पटतं. तेराव्याला साहेब पाटावर न बसता बाहेर उभे राहिले. नानांच्या पत्नी, यमुनाकाकू, दारात आल्या. "भावजी, माझं काही मागणं न्हाई," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्या बियाला खोटं म्हणले, तेवढं पुसा." आत एक बाई चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. साहेबांनी हात जोडले. "निकाल लागू द्या, वहिनी. मंग पेतो." निकाल तर लागलेला होता. तो त्यांनी मानलेला नाही, हे मला तिथं कळलं.

त्यानंतर ते कागद शेवटून वाचायला लागले.

आणि मुंबईच्या वाऱ्या सुरू झाल्या. मुंबईला आंतरराष्ट्रीय लवादाचं ठिकाण करायचं, आपल्या लोकांची भांडणं आपल्याकडेच सुटावीत, त्यासाठी शासनानं आणि संस्थांनी पाठबळ द्यावं, असं तेव्हा मोठमोठ्या सभागृहांतून बोललं जाऊ लागलं होतं. जालन्याच्या दिवाणी वकिलाचं तिथं काही काम नव्हतं. पण हे रात्रीच्या गाडीनं जायचे, स्टेशनवर तोंड धुवायचे आणि पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. एकदा मीही सोबत होते. थंडगार सभागृह, मऊ खुर्च्या. इमारत किती मजली असावी, विमानतळापासून किती जवळ, खिडकीतून समुद्र दिसावा की नाही, यावर सकाळभर चर्चा झाली. प्रश्न विचारायची वेळ आली आणि साहेब उठले.

"हे समदं छान हाय. पण साक्षीदार बसणार कुठं?"

अध्यक्षांना वाटलं, खुर्च्यांबद्दल विचारताहेत. "प्रत्येक दालनात साक्षीदारासाठी खुर्ची असेल," ते म्हणाले.

"खुर्ची न्हाई म्हणत मी. शेतात काम करणारी बाई साक्षीला आली, तर उतरणार कुठं? तिची बोली पंचांना कोण समजावणार? आन तिला येताच आलं न्हाई, तर तिच्या जिल्ह्यात तिच्याशेजारी बसायला तुमचा एक माणूस मिळंल का? एकच म्हणतो मी. इमारत नंतर बांधा."

मागून कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, मुद्दा चांगला आहे, नोंद घेतो. मग चहापान झालं. साहेबांनी कप घेतला नाही. मी डोळे वटारले तर म्हणाले, "यांचा बी निकाल लागायचाय."

पण असा चिवट माणूस किती दिवस टाळणार? मुंबईच्या एका नव्या लवाद केंद्रात एक अधिकारी बाई होत्या, त्यांनी त्यांचं ऐकून घेतलं. जालन्यात एक खोली तयार करा, म्हणाल्या, साक्षीदार तिथून कॅमेऱ्यावर बोलेल. त्याच्या कानात कुणी उत्तरं सांगत नाही ना, हे बघायला आमचा एक माणूस तिथं येऊन बसेल. साहेबांनी ऑफिसशेजारची खोली घेतली. भिंती पांढऱ्या केल्या. पडद्यासमोर साक्षीदाराची खुर्ची, तिच्याशेजारी केंद्राच्या माणसाची खुर्ची, आणि कोपऱ्यात माठ. केंद्राच्या माणसाच्या खुर्चीवर त्यांनी गादी घालून घेतली. आमच्या ऑफिसात त्यांच्या स्वतःच्या खुर्चीलाही गादी नव्हती.

नानांचा मुलगा महेश तोवर धंद्यात उतरला होता. त्याच्या पहिल्या परदेशी कराराला साहेबांनी शेवटच्या पानावर मुंबईचं नाव घालून घेतलं. पलीकडचे ऐकत नव्हते. यांनी सगळ्या अटी सोडल्या, तेवढी एक धरून ठेवली. पुढे या कंपनीनंही तीच तक्रार केली आणि पुरावा म्हणून नानांच्या विरुद्धचा जुना निवाडा जोडला: या घराण्याचं बी पूर्वीपासूनच भेसळीचं आहे.

साहेबांना मी आनंदात पाहिलं ते या एकाच वेळी. दुसरा वकील कपाळाला हात लावून बसला असता. हे जिन्यावरूनच ओरडत आले.

"सुनंदाबाई, त्यांनी नानाला आत घेतलं! आता नानाची बाजू बी ऐकावी लागंल त्यांना. आन बैठक मुंबईत!"

त्यांनी गयाबाईला बोलावून घेतलं, नव्या खोलीत त्या खुर्चीवर बसवलं, पडदा दाखवला. गयाबाईनं कॅमेऱ्याला नमस्कार केला. "ह्याच्यातून त्यास्नी माझे हात दिसतीन का?" तिनं विचारलं. दिसतील म्हणाल्यावर तिनं पदर सारखा केला आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले.

पुढचं सांगायला मला जड जातं, कारण त्यात एकही दुष्ट माणूस नाही. केंद्रातल्या त्या अधिकारी बाईंची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. केंद्राला प्रमुखच नव्हता. सभागृहाची तारीख द्यायची कुणी हे ठरेना, दुभाष्याच्या अर्जाला उत्तर येईना. सुनावणी दोनदा पुढे गेली. मग कंपनीच्या वकिलानं फोनवरच्या बैठकीत सांगितलं, की त्यांचे बियाणे-तज्ज्ञ वयस्कर आहेत, आजारी आहेत, विमानाचा प्रवास त्यांना झेपणार नाही. दोन्ही बाजूंची संमती असेल तर सुनावणी त्यांच्या शहरात घेऊ. तिथं सगळी सोय तयार आहे.

पंचांनी महेशला विचारलं. महेश फोनवर होता, आम्ही वेगळ्या फोनवर. साहेबांनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "काही हरकत नाही. आम्ही येऊ."

संध्याकाळी तो ऑफिसात आला. साहेबांनी फक्त विचारलं, "कामून?"

"म्हातारा माणूस हाय, काका. आजारी माणसाला आपून हिकडं वढत आणायचं का? बरं दिसतं का ते? आपून धडधाकट हाव, आपून जाऊ."

मी त्याच्यावर ओरडणारच होते. साहेबांनी हातानं मला थांबवलं.

"तुझ्या बापानं बी हेच केलं असतं," ते म्हणाले. "आन मी तर केलंच व्हतं."

तरी ते हरले नव्हते. गयाबाई जालन्याच्या खोलीतून बोलेल, असा अर्ज केला. समोरच्यांनी हरकत घेतली, साक्षीदाराशेजारी तटस्थ माणूस कोण बसणार? आम्ही केंद्राला कळवलं. केंद्रानं नम्रपणे कळवलं, सध्या पाठवायला माणूस नाही. इमारत होती, संकेतस्थळ होतं, उद्घाटनाचे फोटो होते. त्या गादीच्या खुर्चीवर येऊन बसायला एक माणूस नव्हता.

मग गयाबाईलाच न्यायचं ठरलं. या वेळी पासपोर्ट वेळेत निघाला, कसाबसा. व्हिसासाठी मुंबईला गेलो. तिथं यंत्रावर बोटं ठेवायची होती. तिनं ठेवली. यंत्र घेईना. पुसली, ओल्या फडक्यानं पुसली, पुन्हा ठेवली. दाबून ठेवली. जन्मभर कळ्या सोलून सोलून तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. खिडकीतली मुलगी चांगली होती, तिनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला.

"रेशनच्या मशीनवर बी असंच व्हतंय," गयाबाई तिला समजावून सांगत होती. "तिथं मंग पोराचा अंगठा लावते. हितं चालतो का पोराचा?"

साहेब मागच्या बाकावर बसले होते. उठले, बाहेर गेले. मी गेले तर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

कार्यालयानं जास्तीची कागदपत्रं मागितली, आम्ही ती दिली, आणि सुनावणीची तारीख निघून गेली. महेश एकटा जाऊन आला. निवाड्यात तेच वाक्य होतं: साक्षीदार हजर नाही, सबब. खाली जुन्या निवाड्याचा आधार घेतला होता. आता बापाच्या जोडीला लेकाच्याही नावापुढे भेसळ लागली.

साहेबांची तब्येत त्या आधीच ढासळली होती. पाय सुजायचे, जिना चढताना मधे बसायचे. निवाडा आल्यावर आठवडाभर ते ऑफिसला आले नाहीत. मग एका सकाळी त्यांचा फोन आला, "खोली झाडून घ्या. गयाबाईची साक्ष राह्यली हाय."

मला वाटलं, ताप डोक्यात गेलाय. पण गावाहून जीप आली. यमुनाकाकू, महेश, गयाबाई, आणि गावातली काही मंडळी, त्यांत नानांच्या बियाबद्दल पाठीमागे बोलणारेही होते. साहेबांनीच त्यांना निरोप धाडला होता. सगळे भिंतीला टेकून बसले. गयाबाई आपल्या खुर्चीवर बसली. साहेबांनी गादीच्या खुर्चीकडे बोट दाखवून मला म्हटलं, "मॅडम, तुमी तिथं न्हाई. तुमी समोर. कंपनीचे वकील तुमी. दयामाया न करता इचारा."

"सर, याचा उपयोग काय?"

"इचारा."

त्यांनी तिला शपथ दिली. आपल्या बाजूचे प्रश्न विचारून तिची सरतपासणी घेतली, प्रतिज्ञापत्रात होतं तेच तिनं सांगितलं. मग मी उठले. मला सगळ्यांचा राग आला होता. त्या केंद्राचा, महेशच्या चांगुलपणाचा, साहेबांच्या या हट्टाचा. तो मी त्या बाईवर काढला.

"तुम्ही सखाहरी नानांचं मीठ खाल्लंय. त्यांच्या विरुद्ध तुम्ही बोलणार कशा?"

"मालकाच्या इरुद्ध बोलायची येळच आली न्हाई."

"म्हणजे एकही कळी कधी सोलायची राहिली नाही? एवढ्या बायका, एवढी वर्षं, एकीचीही चूक नाही? हे कुणाला पटेल?"

गयाबाईनं मांडीवरचे हात उलटून बघितले. भिंतीपाशी कुणीतरी खाकरलं. मला वाटलं, संपलं.

"राह्यली व्हती," ती म्हणाली. "त्याच साली. कंपनीचं बी चाललं व्हतं त्याच साली. माझ्या लेकीच्या हातून. तिच्या पोटात दुखत व्हतं, तिनं दोन ओळी तशाच सोडल्या आन सोलल्या म्हणून सांगितलं. मला दुसऱ्या दिशी दिसलं. मी लेकीला काही बोलले न्हाई. नानाला जाऊन सांगितलं. नानानं त्या दोन ओळी आन बाजूच्या बी, फळं लागलेल्या, मुळासकट उपटल्या. सोताच्या हातानं. आन बायांना सांगितलं, रोग पडला व्हता. माझ्या लेकीचं नाव त्यांनी मरेस्तोवर कुणापाशी काढलं न्हाई. यमुनाबाईला बी ठाव न्हाई."

यमुनाकाकूंनी मान हलवली. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, "हे तुमच्या प्रतिज्ञापत्रात का नाही?"

"कागदानं इचारलंच न्हाई," गयाबाई म्हणाली. "तुमी आत्ता इचारलं. मी दोन डाव न्हाऊनधुऊन तयार बसले व्हते, कुणी तरी इचारतीन म्हणून."

मी खाली बसले. नानांच्या पाठीमागे बोलणाऱ्यांपैकी एक म्हातारा उठला, गयाबाईपाशी गेला, क्षणभर उभा राहिला आणि परत जागेवर आला. महेश ढसाढसा रडत होता. रिकाम्या गादीच्या खुर्चीकडे साहेबांनी एकदा बघितलं, मग माझ्याकडे वळले. "अजून काही इचारायचंय, मॅडम?"

"नाही."

"मंग साक्ष संपली," ते म्हणाले.

त्यांच्या पायांची अवस्था बघता त्यांनी घरी जायला हवं होतं. ते जीपमध्ये चढले. घनसावंगीच्या पुढं रस्ता खराब आहे, प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटून घेत होते. नानांच्या घराशी उतरल्यावर त्यांनी चपला काढल्या, ओसरीवर खांबाला टेकून बसले आणि आत वाकून म्हणाले, "वहिनी, आता चहा ठेवा."

काकू दारात थबकल्या. इतकी वर्षं हेच ऐकायला त्या थांबल्या होत्या, आणि आता ऐकलं तर पाऊल उचलेना. प्रकरण संपलं, असा त्याचा अर्थ होता. वर जायला आता कोणतीही पायरी उरलेली नाही, त्या कागदावरचं कधीच पुसलं जाणार नाही. त्यांना ते माझ्याइतकंच कळलं.

"लागला का भावजी निकाल?" त्यांनी विचारलं.

"लागला," साहेब म्हणाले.

काकू आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला, मग त्यांच्या रडण्याचा, मग कपबशीचा. साहेबांनी चहा बशीत ओतला. थोडा धोतरावर सांडला. मी बशी धरायला पुढे झाले तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं, आणि सगळा चहा पिऊन होईपर्यंत कुणाकडेही बघितलं नाही.